खोपोलीची वीज, ऐरोलीचा ढग

माझी मावसबहीण डोंबिवलीतून दिवाळीचा फराळ परदेशी पाठवते. तिच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भलीमोठी कढई आणि सहा बायका) टेबलाखाली एक कॉम्प्युटर असायचा. वर जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला, कीबोर्डात चिवड्याचे पोहे अडकलेले. खंडेनवमीला झारे, सोऱ्या आणि वजनकाट्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं. सगळा धंदा त्याच्या पोटात होता. सात वर्षांचे पत्ते, कुणाला चकली कमी तिखट हवी, कुणाच्या डब्यात बेसनाऐवजी रव्याचे लाडू घालायचे, सगळं. एका वसुबारसेला सकाळी तो सुरूच होईना. आतून नुसती टकटक. दुरुस्तीवाल्याने डबा कानाशी धरला आणि काही न बोलता मान हलवली.

निम्मे पत्ते व्हॉट्सॲप उपसून आणि कुरियरच्या पावत्या जुळवून परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच. दिवाळी संपल्यावर ती म्हणाली, "दादा, ते क्लाउड क्लाउड म्हणतात, ते असतं तरी कुठे रे?"

"इंटरनेटवर," मी ठोकून दिलं. वीज कुठून येते असं विचारल्यावर "भिंतीतून" म्हणावं, तसलंच हे उत्तर.

पण विजेची आठवण निघाली ते बरं झालं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या कापड गिरण्यांची गत माझ्या बहिणीसारखीच होती. प्रत्येक गिरणीचा स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा कोळसा आणि स्वतःचं धुराडं. धंदा कापडाचा, पण निम्मा जीव बॉयलर सांभाळण्यात. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी निघाली. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवलं, सुमारे ५०० मीटर खाली नळांतून खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून ती वीज तारांवरून मुंबईला यायला लागली. गिरणीमालकाला बॉयलर नको, कोळसा नको. तार जोडा, वापरा, वापराल तेवढ्याचे पैसे द्या. म्हणजे मुंबईचे कारखाने एकदा खऱ्याखुऱ्या ढगांवर चालून झाले आहेत. कॉम्प्युटरच्या बाबतीत आज जे चाललंय ते याच गोष्टीचं दुसरं पर्व आहे.

ही तुलना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं, की टेलिफोनसारखीच गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तेव्हा एक कॉम्प्युटर म्हणजे अख्खी खोली. प्रत्यक्षात यायला ४५ वर्षं गेली. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने माहिती साठवायची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्याच ऑगस्टमध्ये चक्क कॉम्प्युटर. दर तासाला १० सेंट. सणासुदीची गर्दी ओसरल्यावर रिकामी राहिलेली यंत्रं त्यांनी भाड्याने लावली, अशी एक कथा फार फिरते. कथा गोड आहे, पण खुद्द कंपनीच्या तंत्रप्रमुखांनीच ती खोडून काढली आहे.

'ढग' हे नाव मात्र अगदी साधं आहे. नेटवर्कचे आराखडे काढताना इंजिनियर मंडळी टेलिफोनच्या किंवा इंटरनेटच्या जंजाळाच्या जागी ढगाचं चित्र काढून मोकळी होत. आत काय आहे ते आपल्याला बघायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मला बघायचं होतं. एका ओळखीने ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरात शिरायला मिळालं. ठाणे-बेलापूरचा हा पट्टा एकेकाळी रसायनांच्या वासाने ओळखला जायचा. आता तिथे बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. आत जाताना एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मग लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कपाटं, कपाटांत पिझ्झाच्या खोक्यासारखे चपटे सर्व्हर एकावर एक रचलेले. पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. हजारो पंखे एकदम फिरत असतात, शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. ज्या गल्लीतून मी चाललो होतो ती थंड. कपाटाच्या मागच्या गल्लीत गेलो तर तोंडावर भट्टीसारखा झोत. पुढून गार हवा ओढायची, मागून तापलेली सोडायची, आणि ती परत थंड करत बसायचं. माझ्याबरोबरचा तरुण इंजिनियर म्हणाला, "सर, खरं सांगू? आम्ही इथे एसी चालवतो. कॉम्प्युटर आपोआप चालतात."

तळमजल्यावर बॅटऱ्यांच्या रांगा, बाहेर ट्रकएवढे डिझेल जनरेटर. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतची पोकळी बॅटऱ्या भरून काढतात. या इमारतींची क्षमता चौरस फुटांत सांगत नाहीत, मेगावॉटमध्ये सांगतात. ढग म्हणायचं, आणि मोजायचं विजेच्या मापाने! इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. खोपोलीनंतर टाटांच्याच पुढच्या एका वीज प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह उभा राहिला. फुकटचा ढग तेव्हाही नव्हता. वीज आणि थंडाव्याचं पाणी कुणाच्या वाट्यातून येतं, हा प्रश्न या इमारतींनाही विचारायलाच हवा.

या कपाटांत माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर कुठला, असं तिने विचारलं तर दाखवता येणार नाही. गंमत आहे ती इथेच. एका दणकट यंत्रात दहा-वीस 'आभासी' यंत्रं राहतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहायची तशी. फरक एवढाच, की इथल्या प्रत्येक बिऱ्हाडाला आपण अख्ख्या वाड्याचे मालक आहोत असंच वाटत असतं. शेजारच्या खोलीतला आवाज येत नाही, नळावर भांडण नाही. हायपरव्हायझर नावाचा एक प्रोग्रॅम घरमालकासारखा मधे बसून प्रत्येकाला प्रोसेसरचा आणि मेमरीचा वाटा देतो. आयबीएमने हे १९६० च्या दशकातच करून पाहिलं होतं. ते साध्या, स्वस्त सर्व्हरवर उतरलं आणि बिऱ्हाडांची भाडी एकदम खाली आली.

बिऱ्हाडं प्रोग्रॅमनेच तयार होत असतील, तर ती मिनिटभरात वाढवता येतात आणि मोडताही येतात. फराळाच्या धंद्याला याहून सोयीचं काय असणार? वर्षाचे अकरा महिने वेबसाइटवर शुकशुकाट. पितृपक्ष संपला की गर्दी. रात्री साडेनऊला न्यू जर्सीत दुपारचे बारा वाजतात, तिथल्या मराठी मंडळींची जेवणाची सुट्टी होते आणि ऑर्डरींचा पाऊस पडतो. स्वतःचं यंत्र घ्यायचं तर त्या वीस रात्रींच्या मापाचं घ्यावं लागतं आणि उरलेलं वर्ष ते धूळ खातं. आता तिची वेबसाइट वर्षभर एका लहानशा भाड्याच्या यंत्रावर असते. गर्दी वाढली की शेजारी आणखी तीन उभी राहतात, ओसरली की नाहीशी होतात. आकारणी काही ठिकाणी सेकंदावर होते.

तिच्या साइटचं यंत्र मुंबईतच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं उघडली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. अंतराला इथे किंमत आहे, कारण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्याहून जोरात नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला साधारण साडेबारा हजार किलोमीटर. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली जमिनीवर येतात. खोल समुद्रात अशी केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते. करंजीच्या फोटोवर न्यू जर्सीत बोट पडलं की तो निरोप कित्येक समुद्र ओलांडून येतो आणि उत्तर घेऊन परत जातो. सगळं मिळून सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. पापणी लवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

पण मला खरं वेड लावलं ते साठवणुकीने. हार्ड डिस्क मरते. डोंबिवलीत मरते तशी ऐरोलीतही मरते, तिथे तर रोज कुठली ना कुठली मरत असते. तरीही ॲमेझॉनच्या साठवणसेवेची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणाच्या हिशेबाने केलेली आहे. सोप्या भाषेत, एक कोटी वस्तू ठेवल्यात तर सरासरी दहा हजार वर्षांत एक हरवेल. मर्त्य डिस्कांमधून ही अमरता येते कुठून?

तीन चिठ्ठ्या घ्या. पहिलीवर ७ लिहा, दुसरीवर ५, तिसरीवर दोन्हींची बेरीज १२. तिन्ही तीन वेगळ्या घरांत ठेवा. आता कुठलंही एक घर जळू द्या. ५ ची चिठ्ठी गेली? १२ मधून ७ वजा करा. १२ ची गेली? बेरीज करा. दोन आकड्यांच्या दोन-दोन प्रती ठेवायला चार चिठ्ठ्या लागल्या असत्या, इथे तीनात भागलं. मोठ्या साठवणसेवांत याच कल्पनेची प्रगत रूपं चालतात. फाइलचे तुकडे करायचे, त्यांच्यावरून जादा तुकडे गणिताने बनवायचे आणि सगळे वेगवेगळ्या डिस्कांवर, वेगवेगळ्या इमारतींत विखरून टाकायचे. एखादी डिस्क गेली की उरलेल्यांवरून हरवलेला तुकडा पुन्हा घडवला जातो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. चौथीतल्या पोराला येणारी बेरीज-वजाबाकी! माझ्या बहिणीचे सात वर्षांचे निम्मे पत्ते तिसऱ्या चिठ्ठीअभावी गेले.

नव्याने शिरणाऱ्या व्यावसायिकाला भीती वाटते ती शब्दांची. इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म, सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाच्या शेपटीला 'ॲज अ सर्व्हिस'. घरचं लग्न आठवा. नुसतं कार्यालय घेतलं. आचारी, भांडी, किराणा आपला. ते झालं इन्फ्रास्ट्रक्चर. शेगड्या, भांडी, पाणी, झाडलोट कार्यालयाची आणि आपण फक्त आपला आचारी न्यायचा, हा प्लॅटफॉर्म. आणि सगळं केटररवर सोपवून आपण पंगतीला बसायचं, ते सॉफ्टवेअर. जीमेल किंवा हिशेबाचं ऑनलाइन पॅकेज या जातीचं. लहान धंद्याने पंगतीपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्याच्या यंत्रावर स्वतः मांड ठोकायची हौस पुढे कधीतरी.

आता दुसरी बाजू. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. तिन्ही चिठ्ठ्या एकाच घरात! त्याआधी २०१७ च्या २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर बंद करण्याची आज्ञा टाइप केली, त्यात चूक झाली, भलतेच जास्त सर्व्हर बंद पडले आणि असंख्य वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. सेवा बंद आहे हे सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर टांगलेला होता, त्यामुळे तोही बदलता येईना.

भाड्याच्या घरातही कुलूप आपणच लावायचं असतं. इमारत, वीज, यंत्रं ही जबाबदारी त्यांची. पासवर्ड, कुणाला काय दिसावं, कामावरून गेलेल्या माणसाचं खातं बंद करणं, ही आपली. पैशांचंही तसंच. चाचणीसाठी उभं केलेलं यंत्र बंद करायला विसरणं म्हणजे नळ उघडा ठेवून गावाला जाणं. महिनाअखेरीचं बिल बघून घाम फुटतो. माहिती आत न्यायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. करार करण्यापूर्वी तो दर विचारून घ्या. आणि ज्याचं काम बारा महिने चोवीस तास एकाच चालीने चालतं, त्याला स्वतःचं यंत्र स्वस्तही पडू शकतं. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने हाच हिशेब मांडून २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं.

बहिणीच्या टेबलाखाली आता मोकळी जागा आहे, तिथे तेलाचे डबे असतात. तिला मी एकच नियम लावून दिला आहे, तो तुम्हीही लावून घ्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला बॅकअपमधून एक जुनी फाइल परत उतरवायची आणि उघडून बघायची. उघडत नसेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.