महामारीतील आरोग्यसेवक : त्यांच्या मनाची काळजी कोणी घ्यायची?

शरीराला ताप आला तर तो मोजता येतो. मनाला आलेला ताप मोजण्याचे तसे सोपे साधन नाही, आणि म्हणूनच त्याची दखल उशिरा घेतली जाते. कोरोनाच्या महामारीत रुग्णांची, मृतांची, खाटांची आणि लशींची मोजदाद रोज होत होती. एकट्या महाराष्ट्रात या रोगाने सुमारे १ लाख ४८ हजार माणसे दगावल्याची सरकारदरबारी नोंद आहे. परंतु ज्यांनी या रुग्णांची सेवा केली ते डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक, आशा ताई, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार यांच्या मनाचे काय झाले, याचा विचार फार थोड्यांनी केला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ ओसरली, पण सेवा करणाऱ्यांच्या मनावरचे ओझे त्या तारखेला उतरले असे समजण्याचे कारण नाही. हे ओझे कसले असते, ते कोठून येते आणि ते हलके करण्यात आपला वाटा कोणता, हे समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सेवेची परंपरा आणि तिची किंमत

महाराष्ट्राला साथीतील सेवेची मोठी परंपरा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी तो पुण्यात पसरला. त्यावेळी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढवा येथील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या बलिदानापुढे आपण नतमस्तक होतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यागाचा गौरव करता करता एक चूक समाजाच्या हातून होत असते. सेवा करणारा माणूस म्हणजे देव, त्याला भीती नाही, त्याला झोप नको, त्याला घरदार नाही, असे आपण गृहीत धरू लागतो. कोरोनाच्या काळात हेच घडले. २२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या वाजल्या, टाळ्या वाजल्या. सेवकांना 'कोरोना योद्धा' ही पदवी मिळाली. पण योद्धा म्हटलेल्या माणसाला 'मला भीती वाटते' असे म्हणण्याची सोय उरत नाही, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

मनस्तापाची चार कारणे

पहिले कारण म्हणजे भीती, आणि ती केवळ स्वतःपुरती नव्हे. आपण रोग घरी नेऊ, आपल्यामुळे म्हाताऱ्या आईबापांना किंवा तान्ह्या लेकराला तो होईल, हा धसका अनेकांनी घेतला. ही भीती निराधार नव्हती. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने मृत्यू पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ड्युटी संपल्यावर घरी न जाणारे, वेगळ्या खोलीत राहून दुरूनच मुलांना पाहणारे कर्मचारी त्या दिवसांत ठिकठिकाणी होते.

दुसरे कारण म्हणजे थकवा. संरक्षक पोशाख अंगात चढविला की तासन्‌तास पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, घामाने अंग निथळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे किती कठीण असेल याची कल्पना करावी. एक दिवसाचा थकवा झोपेने जातो. महिनोन्‌महिने साचलेला थकवा झोपेनेही जात नाही. माणूस मेटाकुटीस येतो, रुग्णाविषयी वाटणारी आपुलकी आटू लागते आणि 'आपल्या कामाचा काही उपयोग नाही' असे त्याला वाटू लागते. या अवस्थेला इंग्रजीत बर्नआऊट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याविषयी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. बर्नआऊट हा रोग नसून, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यामुळे होणारा परिणाम आहे, असे संघटनेने म्हटले. म्हणजेच त्याचे मूळ माणसाच्या दुबळेपणात नसून कामाच्या व्यवस्थेत आहे.

तिसरे कारण म्हणजे हतबलता. उपचार ठाऊक आहे, हात तयार आहेत, पण खाट नाही, प्राणवायू नाही, औषध नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत हे चित्र राज्यभर दिसले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. अशा प्रसंगी रुग्णाच्या उशाशी असलेल्या परिचारिकेचा काहीही दोष नसतो, तरी 'मी वाचवू शकले नाही' हा सल तिच्या मनात घर करतो. मानसशास्त्रज्ञ याला सद्सद्विवेकाला झालेली जखम म्हणतात. ही जखम रात्री झोपू देत नाही आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा करते.

चौथे कारण म्हणजे विटाळ. होय, आम्ही हा शब्द जाणूनबुजून वापरीत आहोत. देशात अनेक ठिकाणी परिचारिकांना व डॉक्टरांना भाड्याची खोली सोडण्यास सांगण्यात आले. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले, दुकानदारांनी दुरूनच सामान फेकले. काही ठिकाणी तर मारहाण झाली. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्यास ३ महिने ते ५ वर्षे आणि गंभीर इजा केल्यास ६ महिने ते ७ वर्षे कैदेची तरतूद तीत आहे. रोगापासून अंतर ठेवणे वेगळे आणि माणसाला दूर लोटणे वेगळे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यतेचे चटके सोसले, त्याला हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच तो इतरांना समजावून सांगण्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे.

शास्त्रीय पाहणी काय सांगते?

२०२० च्या प्रारंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे निम्म्या जणांत नैराश्याची, ४४.६ टक्क्यांत चिंतेची आणि ३४ टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेतील कर्मचारी यांना हा त्रास अधिक तीव्र होता.

त्याहून जुना आणि आपल्याला अधिक शिकविणारा अनुभव कॅनडातील आहे. २००३ साली टोरांटो शहरात सार्सची साथ आली. साथ काही महिन्यांतच आटोक्यात आली. परंतु एक ते दोन वर्षांनंतर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण सांभाळले, तेथील कर्मचारी इतर रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक थकलेले व मनाने अधिक त्रस्त होते. त्याचबरोबर, ज्यांना आपले प्रशिक्षण, संरक्षणाची साधने व वरिष्ठांचा आधार पुरेसा वाटला, त्यांना हा त्रास कमी झाला. या अभ्यासातून दोन बोध मिळतात. साथ गेल्यावरही मनाचा त्रास राहतो. आणि तो टाळणे बऱ्याच अंशी व्यवस्थेच्या हाती असते.

आपल्या भागातील चित्र

रुग्णालय म्हटले की मोठ्या शहराची इमारत डोळ्यांपुढे येते. आपले धनज ज्या कारंजा तालुक्यात आहे तो अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेला लागून आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्येने पुन्हा उचल खाल्ली ती याच पट्ट्यात. त्याच महिन्यात वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातील देगाव येथे एका निवासी शाळेतील दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. अशा वेळी खेड्यापाड्यांत साथीशी पहिली गाठ पडते ती उपकेंद्रातील सिस्टरची, आरोग्यसेवकाची आणि आशा ताईची.

आशा ताईची अडचण शहरातील डॉक्टरांहून निराळी आहे. ती त्याच गावची सून असते. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कामगार गावोगाव परतले, तेव्हा त्यांची नोंद करणे, त्यांना शाळेत वेगळे ठेवण्याविषयी कळविणे हे काम तिच्याकडे आले. ज्यांच्या घरी उद्या लग्नाला जायचे, त्यांच्याच दारावर आज तिला चौकशीला जावे लागले. नाव कळविले तर गावाचा रोष, न कळविले तर वरिष्ठांचा ठपका. १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी जाऊन ताप व प्राणवायूची पातळी तपासण्याचा भारही मुख्यतः या स्त्रियांनी वाहिला.

आणि इतके करूनही ती कागदोपत्री कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात तिला कामाप्रमाणे मोबदला ठरला. कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून सुरुवातीस महिन्याला १००० रुपये मिळाले. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा दरमहा १५०० रुपयांची वाढ मान्य झाली. पुढे पुन्हा आंदोलने झाली आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने सन्मान केला. सन्मान जगाचा आणि हक्कासाठी धरणे मुंबईत, ही विसंगती मनाला पोखरणारीच आहे. साथीपुरते कंत्राटी नेमलेले आणि साथ ओसरताच घरी पाठविलेले कर्मचारीही याच दुःखाचे धनी आहेत.

येथे डॉ. बाबासाहेबांच्या कार्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातून बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामाचे तास, विश्रांती आणि वेतन यांवरच कामगाराचे आरोग्य व त्याची प्रतिष्ठा उभी असते, ही दृष्टी त्यामागे होती. जिच्या कामाला तासांची मर्यादा नाही आणि जिला 'कामगार' हे नावही नाही, त्या स्त्रीच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न केवळ समुपदेशनाने कसा सुटावा?

त्रास कसा ओळखावा?

झोप न लागणे किंवा दचकून जागे होणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, कामावर जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडणे, आवडत्या गोष्टींत रस न वाटणे, माणसे टाळणे, व्यसनाकडे वळणे, एकच प्रसंग वारंवार आठवणे ही प्रमुख लक्षणे होत. ती दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकली तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनावरील उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची सोय असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे जाणारा वेडा असतो हा समज आता सोडून द्यावा.

आपण काय करावे?

घरच्यांनी 'धीर धर, सगळ्यांनाच त्रास आहे' असे सांगून विषय संपवू नये. शांतपणे ऐकून घ्यावे. ड्युटीवरून आलेल्या सुनेला चूल, धुणी आणि लेकरांचा अभ्यास यांतून काही दिवस मोकळीक द्यावी. तिच्या औषधाआधी ही विश्रांती लागते.

गावाने साथीच्या काळात आशा ताई व सिस्टरसोबत दोन तरुण स्वयंसेवक द्यावेत. वाद होईल त्या दारी सरपंचांनी व ज्येष्ठांनी स्वतः जावे, तिला एकटीला पाठवू नये. ग्रामसभेत तिच्या थकलेल्या मोबदल्याचा प्रश्न विचारावा. पाच मिनिटांच्या सत्कारापेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे.

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी. पुरेशी भरती, ठरलेली पाळी व सुट्टी, वेळेवर वेतन, संरक्षणाची साधने आणि कर्मचाऱ्यांसाठी गुप्तता पाळणारी समुपदेशनाची सोय या गोष्टी साथ येण्यापूर्वीच हव्यात. घर पेटल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेक मुली-मुले उद्या नर्सिंगकडे, प्रयोगशाळेकडे, वैद्यकीय शिक्षणाकडे वळणार आहेत. अवश्य वळावे. पण सेवा करताना स्वतःच्या मनाची हाक ऐकणे हा स्वार्थ नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. जो स्वतः मोडून पडला तो दुसऱ्याला उभे करू शकत नाही.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आली तर आपल्या दारी पहिली येणारी व्यक्ती कोण असेल, हे आपल्याला आज ठाऊक आहे. तिला पाणी विचारावे, बसायला द्यावे आणि 'तू कशी आहेस?' असे विचारून तिचे उत्तर पूर्ण ऐकावे. यासाठी साथीची वाट पाहण्याची गरज नाही, इतकेच आमचे समाजबांधवांना सांगणे आहे.