कागदावरील सूर आणि यंत्रातील पेटी

ग्वाल्हेर शहरात रेल्वे स्टेशनाजवळ पडाव नावाची वस्ती आहे. पडाव म्हणजे वाटसरूंचा मुक्काम. या शहराशी मराठी माणसाचा ऋणानुबंध जुना आहे. शिंद्यांच्या राजवटीत कितीतरी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली आणि येथील गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणून रुजविली. याच शहरात १९१८ साली, महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीताचे विद्यालय स्थापन केले. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाणारी चीज कागदावर लिहिता यावी, म्हणून त्यांनी सोपी स्वरलिपी प्रचारात आणली. मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब, तार सप्तकातील स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, समेपाशी फुली. अशा खुणांच्या आधारे चिजेने जणू कागदावर पडाव टाकला.

परंतु कागद स्वतः गात नाही. लिहिलेली चीज पाहून कोणी गळा लावील तेव्हाच ती नादरूप होते. ही साधी गोष्ट ज्याच्या ध्यानी आली, त्याला आजकालच्या ‘मिडी’ नावाच्या प्रकाराचे मर्म समजण्यास वेळ लागणार नाही.

आपल्या अनेक धर्मग्रामांत पेटी वाजविणारा एकच असतो. तो नोकरीनिमित्त शहरात गेला की गायकवृंद पोरका होतो. मग एखादा उत्साही तरुण मोबाइल पुढे करून म्हणतो, “फादर, ह्याच्यात सगळी गाणी वाजतात. आता पेटीवाला कशाला?” या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, ते नीट पाहिले पाहिजे.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत्‌वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजू लागे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार. वाद्यांनी परस्परांशी बोलावे यासाठी ठरविलेली ही सांकेतिक भाषा म्हणजे मिडी. त्या भाषेतील मजकूर साठवून ठेवावयाच्या फाइलीचा नमुना १९८८ साली निश्चित झाला.

अशा फाइलीत आवाज मुळीच नसतो. तिच्यात केवळ आज्ञा असतात: अमुक पट्टी दाब, इतक्या जोराने दाब, इतका वेळ धर, मग सोड. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत. आपल्या पेटीवरील मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे क्रमांक ६०. तिच्या पुढील काळी म्हणजे ६१. केवळ आज्ञाच असल्यामुळे एक अख्खे स्तोत्र काही किलोबाइटांत मावते. तेच उत्तम प्रतीने ध्वनिमुद्रित केले, तर मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते.

आज्ञा पाळणारा वादकही हवा. तो म्हणजे सॉफ्टवेअर सिंथेसायझर, अर्थात संगणकात वा मोबाइलमध्ये राहणारी अदृश्य पेटी. ‘फ्लुइडसिंथ’ नावाचा असा एक कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्याला ‘साउंडफाँट’ म्हणजे वाद्यांच्या आवाजांचे भांडार पुरवावे लागते. भांडार सकस असेल तर वादन गोड, निकस असेल तर तीच फाइल खेळण्यातल्या बाजासारखी वाजते. १९९१ साली १२८ वाद्यांची एक सर्वमान्य यादी करण्यात आली. तीत विसावे वाद्य चर्चमधील ऑर्गन, एकविसावे आपल्या पेटीच्या जातीचे, एकशेपाचवी सतार, एकशेबारावी सनई. तबल्याला मात्र या यादीत स्थान मिळाले नाही.

गायकवृंदाच्या सरावाला हे साधन फार उपयोगी आहे. स्वर न उतरविता लय संथ करता येते. गाणे उंच वाटले तर पांढरी चारवरून पांढरी दोनवर आणता येते. मुलींची ओळ बंद करून केवळ पुरुषांची ओळ ऐकविता येते. तोच तुकडा पन्नास वेळा वाजविला तरी हा मास्तर कंटाळत नाही, की रागावत नाही. पण गाणारा धापा टाकू लागला तरी तो थांबतही नाही. प्रार्थनेत एखाद्या शब्दावर मन रेंगाळले, तर त्याला त्याचा पत्ता नसतो. मींड लिहिण्याची सोय त्या भाषेत आहे. पण कोणी कष्टाने ती लिहिली नसेल, तर स्वर पायऱ्या उतरल्यासारखे तुटक येतात.

मग पवित्र मिस्साबलीत याला स्थान द्यावे काय? ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. परमगुरुस्वामी बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, रोमच्या उपासनाविधी-मंडळाने पवित्र संगीताविषयी सूचनापत्र काढले. उपासनेत माणसाने स्वतः वाजविलेलीच वाद्ये असावीत, आपोआप वाजणारी नसावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ग्रामोफोनसारख्या यंत्रांनी लोकांच्या गायनाची जागा घेऊ नये, असाही निर्बंध होता. मात्र लोकांना गाणी शिकविण्यासाठी, तसेच चर्चबाहेरील मिरवणुकीत गायनाला आधार म्हणून यंत्र वापरण्यास त्याच पत्राने मोकळीक दिली. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेत लोकांनी सक्रिय भाग घ्यावा असे आग्रहाने सांगितले, आणि मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा योग्य मान राखण्याची शिकवण दिली. या सर्वांमागील विवेक आजही पटण्याजोगा आहे. स्तुती हे अर्पण आहे, आणि अर्पण दुसऱ्याकडून, त्यातून यंत्राकडून, करवून घेता येत नाही. सुरात थोडी कसर राहिली तरी चालेल. पण गळा आपला हवा.

त्या तरुणाला म्हणून सांगावेसे वाटते: बाळा, हे यंत्र शनिवारच्या सरावाला अवश्य आण. रविवारी मात्र ते बंद ठेव आणि तू स्वतः गा.

याहून मोठे एक काम या साधनाने होण्यासारखे आहे. आपल्या घरोघरच्या आजींना उपवासकाळातील आणि नाताळातील कितीतरी जुन्या चाली पाठ आहेत. त्यांची कोठेही नोंद नाही. एक आजी देवाघरी गेली की तिच्याबरोबर चारदोन चाली मातीआड होतात. भातखंड्यांनी लेखणीने जे केले, ते आज मिडीचा लहानसा कीबोर्ड संगणकाला जोडून शाळकरी मुलालाही करता येईल. आजीने म्हणावे, नातवाने पट्ट्यांवर ते उतरवावे, आणि आजीला ऐकवून चूक सुधारून घ्यावी. मींड व ठेका यंत्रात नीट उतरत नसेल, तर आजीचा आवाजही शेजारी मुद्रित करून ठेवावा. गाण्याचे शब्द वहीत लिहावेत. चाल कोणत्या गावची, हेही लिहावे.

प्रत्येक धर्मग्रामाने यंदा दोन संकल्प करावेत. एक, निदान दोन मुलांना खरीखुरी पेटी शिकण्यास बसवावे. दुसरा, आगमनकाळ लागण्यापूर्वी निदान दहा जुन्या चाली अशा रीतीने जतन कराव्यात. फाइल हा सुरांचा पडाव आहे; त्यांचे घर माणसाच्या कंठात आहे. तेथे ते सुखरूप पोहोचोत आणि प्रभूची स्तुती आपल्या गावांतून अखंड चालो.