ढोल, डेसिबल आणि कान

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात ढोलपथकातील एक तरुण आला. "डॉक्टर, कानात रातकिडे ओरडतायत!"

ध्वनी म्हणजे हवेतून जाणारी दाबाची लाट. ढोलाचे पान थरथरते, लगतची हवा दाबली जाते, विरळ होते आणि ही लाट सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. आतल्या कानात शंखाकृती नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

डेसिबलचा हिशेब फसवा आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. ८५ डेसिबल आठ तास सोसतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे! (२००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. असो.)

मोकळ्यावर अंतर दुप्पट केले तर ६ डेसिबल कमी होतात. दुतर्फा इमारतींच्या रस्त्यावर तेवढेही नाही. कापसाचा फारसा उपयोग नाही, औषधांच्या दुकानातले फोमचे बोळे घालावेत. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

त्या तरुणाचे रातकिडे तिसऱ्या दिवशी थांबले. पथक तो सोडणार नाही म्हणाला. बोळ्यांचे नाव मात्र लिहून घेऊन गेला.