कल्याण-डोंबिवलीएवढा एक देश आणि दरडोई उत्पन्नाचा हिशेब

२०१२ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. एका मिलचा एजंट आमच्या कल्याणच्या दुकानात आला आणि बॅगेतून एक छापील तक्ता काढून त्याने गल्ल्यावर ठेवला. मुंबईखालोखाल पुणे-ठाण्याचे दरडोई उत्पन्न, मग शेठ तुम्ही अजून स्वस्त शर्टिंगच का विकता, असा त्याचा सवाल. आकडा सरकारी होता, तक्ता रंगीत होता, आम्ही भुललो. महागड्या सुटिंगचे तागे उचलले. दिवाळी गेली, लग्नसराई गेली, पुढची ईदही गेली, तागे फळीवरच. शेवटी दोन वर्षांनी खरेदीच्याही खाली काढून मोकळे झालो. नुकसान किती झाले ते घरात अजून सांगितलेले नाही. पण तो आकडा काय असतो आणि कसा निघतो, हे तेव्हापासून आम्ही जिथे मिळेल तिथे वाचत आलो. व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यातले थोडे येथे मांडतो.

आमच्या उर्दू शाळेत याला ‘फी कस आमदनी’ म्हणत. मराठीतला ‘दरडोई’ शब्द अधिक रोखठोक, प्रत्येक डोक्यामागे किती ते सांगणारा. एका वर्षात झालेले एकूण उत्पन्न घ्यायचे आणि माणसांच्या संख्येने भागायचे. भागाकार सोपा आहे. पण आमच्या दुकानात आम्ही, दोन सेल्समन आणि एक पोऱ्या. चौघांची मिळकत एकत्र करून चाराने भागली तर पोऱ्या कागदावर सुखवस्तू होतो. हे सर्वांना कळते. न कळणारी भानगड वरच्या आणि खालच्या आकड्यांत असते, म्हणजे उत्पन्न कोणते धरले आणि माणसे कोणती मोजली यात.

वरचा आकडा कसा निघतो ते कापडावरूनच पाहू. समजा ६० रुपयांचे सूत बाहेरून भिवंडीत आले. मागावर त्याचे ८० रुपयांचे ग्रे कापड झाले. ते राजस्थानात बालोतऱ्याला छपाई-रंगाईला जाऊन १०० रुपयांचे झाले आणि आम्ही कल्याणात १३० ला विकले. चारही विक्रींची बेरीज ३७० होते, पण देशात तयार झाला तो १३० चाच माल. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाढलेली किंमत तेवढी धरतात. या १३० पैकी ठाणे जिल्ह्याचे किती? भिवंडीतले २० आणि आमच्या दुकानातले ३०, एकूण ५०. त्यातूनही गाळ्याचे लाईट बिल, वाहतूक, पॅकिंग असा बाहेरचा खर्च वजा जातो. मागाची झीज, म्हणजे घसारा, काढला की उरते ते निव्वळ उत्पन्न. आपल्याकडे दरडोई म्हणून जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा हा निव्वळच असतो.

आता एक देश पाहा. मॉरिशस. हिंदी महासागरातले बेट, १९६८ च्या मार्चमध्ये स्वतंत्र झालेले. कोकणातून गेल्या शतकाच्याही आधी मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही आहेत. या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आतबाहेर. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्याही साधारण तेवढीच भरली होती! म्हणजे आपल्या दोन स्टेशनांएवढा एक देश. १९७० साली त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास कायदा केला आणि उसावर जगणाऱ्या बेटावर शिलाईचे कारखाने उभे राहिले.

जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवले. पात्रतेची रेघ १२,५३५ डॉलरची होती आणि मॉरिशसचा २०१९ चा आकडा १२,७४० डॉलर होता. जेमतेम दोनशे डॉलरने पास. लगेच कोरोनाने पर्यटन बंद पाडले आणि पुढच्याच जुलैत देश पुन्हा खालच्या वर्गात आला. एका वर्षात तेथल्या माणसाचे हात किंवा डोके बदलले नव्हते. शिवाय हे डॉलरचे आकडे काढताना जागतिक बँक एका दिवसाचा भाव धरत नाही, तीन वर्षांच्या विनिमय दरांची सरासरी घेते, म्हणजे एखाद्या वर्षी चलन कोसळले तर देश एका रात्रीत गरीब दिसू नये.

छोट्या बेटाचा हिशेब एका अर्थी सोपा असतो. चारी बाजूंना समुद्र. जे येते ते बंदरातून किंवा विमानतळावरून येते, आणि कस्टमवाला लिहून ठेवतो. दुसऱ्या अर्थी अवघड, कारण चार मोठ्या कंपन्यांनी कागद इकडचे तिकडे केले की सरासरी हलते. आयर्लंड काही फार छोटे नव्हे, तरी तेथे परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री आणली आणि २०१५ चे देशांतर्गत उत्पन्न एकदम २६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. शेवटी त्यांना स्वतःसाठी वेगळे माप काढावे लागले. म्हणूनच देशात तयार झालेले उत्पन्न आणि देशातल्या लोकांच्या हाती आलेले उत्पन्न, अशी दोन मापे ठेवतात.

कल्याण-डोंबिवलीला समुद्र नाही. लोकल आहे. सकाळी डोंबिवलीहून जो नोकरदार चर्चगेट-फोर्टच्या कचेरीत जातो, त्याची कमाई जेथे काम होते तेथे, म्हणजे मुंबईच्या खात्यात पडते. जिल्ह्याचे उत्पन्न काढण्याची रीतच तशी आहे. पण भागाकाराच्या वेळी तो माणूस राहतो ठाणे जिल्ह्यात, म्हणून त्याचे डोके आपल्याकडे मोजले जाते. पैसा मुंबईच्या आकड्यात, डोके आमच्या आकड्यात. मुंबई आहे त्याहून श्रीमंत दिसते, आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर पगाराच्या आठवड्यात जी गर्दी उसळते ती कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

आखाताचा पैसाही असाच. कल्याण, मुंब्रा, भिवंडीतली किती घरे दुबई-कुवेतच्या ड्राफ्टवर चालली, हे आमच्या उधारीच्या वहीला ठाऊक. तेथे वर्षाहून अधिक राहून काम करणारा माणूस हिशेबात तिकडचा रहिवासी धरला जातो, आणि त्याने घरी पाठवलेली रक्कम राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही, ‘हस्तांतरण’ म्हणून वेगळी लिहितात. घरच्यांनी त्या पैशाचे कापड घेतले की आमचा नफा तेवढा मोजला जातो.

म्हणजे आकडा आमच्या बाजाराला कमी दाखवतो, मग आमचे तागे का पडून राहिले? कारण २०१२ मध्ये ठाणे जिल्हा म्हणजे एका टोकाला वाशी-नेरूळ आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. २०११ ला १ कोटी १० लाख लोकसंख्या, देशात सर्वांत मोठा जिल्हा. रबाळे-महापेचे कारखाने आणि मोखाड्याचा आदिवासी पाडा एकाच भागाकारात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, सुमारे ३० लाख माणसे तिकडे गेली. तरी मुरबाड-शहापूर आणि ठाण्याचे घोडबंदर अजून एकाच सरासरीत आहेत. आमचे गिऱ्हाईक कोण होते? मागावरचे कामगार, रिक्षावाले, छोटे दुकानदार. राज्याच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत २०२३-२४ चे दरडोई उत्पन्न पावणेतीन लाखांच्या वर दिले आहे. पाच माणसांच्या घराला ते महिना सव्वा लाखाच्या जवळपास जाते. आमच्या माहितीच्या मागवाल्या घरांत याच्या चौथाईही येत नाहीत.

खालचा आकडाही आज कच्चा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कित्येक वर्षे अंदाजाच्या लोकसंख्येने भागत आले. कल्याणच्या पलीकडे शिळफाट्यापर्यंत उभ्या राहिलेल्या इमारती ज्याने पाहिल्या तो या अंदाजावर किती विसंबेल?

हे काम आपल्याकडे नवे नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी हिंदी माणसाचे उत्पन्न वर्षाला २० रुपये काढले होते, आणि सरकारविरुद्ध वाद घालायला त्यांना तोच आकडा कामी आला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस अध्यक्ष, पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. वही न ठेवणारा कारागीर मोजायचा कसा, ही अडचण त्यांच्यापुढेही होती आणि आजही आहे. कंपन्यांचे ताळेबंद मिळतात. घरात फॉल-पिको करणारी बाई, चार मागांचा मालक, आमच्यासारखा गल्ला, यांचे उत्पन्न नमुना पाहणीवरून ठरते. जिल्ह्याच्या पातळीवर तर बरेच आकडे राज्याच्या बेरजेतून, कामगारांची संख्या वगैरे पाहून वाटून दिलेले असतात.

काही वर्षांपूर्वी अशा पाहणीचा एक तरुण आमच्या गल्लीत आला होता. सगळ्यांना तो टॅक्सवालाच वाटला. शेजारच्या गाळ्यात पाच माणसे कामाला असताना दोन सांगितली, उलाढाल निम्मी सांगितली. आम्हीही पहिल्यांदा टाळाटाळ केली, मग चहा मागवला आणि वही उघडली. २००८ च्या सांख्यिकी कायद्यान्वये एका दुकानाची माहिती गोपनीय ठेवावी लागते, आयकर खात्याकडे ती जात नाही, हे त्याने कागद दाखवून सांगितले. शेजारच्यांच्या दोन माणसांवरून असे किती गाळे दोन माणसांचे धरले गेले असतील कोण जाणे. पुढच्या खेपेला कोणी आला तर ओळखपत्र पाहून घ्यावे आणि कामावरच्या कारागिरांची संख्या तरी बरोबर सांगावी.