फिल्टर लावण्याआधी पाच मिनिटं थांबा

आजचा भाग प्रवासात ऐकला असेल आणि स्टेप्स टिपायच्या राहिल्या असतील, तर त्या इथे लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. कॉलेजात असताना दिवाळीत आजीचा फोटो काढला होता. पिवळा बल्ब, मोतिया रंगाची नऊवारी. मी ब्राइटनेस वाढवला, फिल्टर लावला आणि त्याच फाइलवर सेव्ह मारलं. पुढच्या वर्षी आजी गेली. फ्रेमसाठी तोच फोटो मोठा केला, तर पदर, निऱ्या काहीच दिसेना. नुसता पांढरा डाग.

म्हटलं, इंजिनिअर आहे, परत आणतो. नाही आलं.

कारण साधं आहे. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, ० ते २५५. तिन्ही २५५ वर गेले की पिक्सेल पांढराशुभ्र. शेजारचे सगळेच २५५ झाले, तर निरी कुठे होती हे फोन कसं ओळखणार? नंतर उजेड कमी केला, तरी डाग फक्त राखाडी होतो. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये याच पायऱ्या ४०९६ असतात, म्हणून जमत असेल तर रॉमध्ये काढा.

आता क्रम:

१. आधी कॉपी करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. एडिट करून जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला, की दरवेळी थोडा तपशील जातो. चॅटवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा.

२. वाकडा फोटो सरळ करा.

३. व्हाइट बॅलन्स. फोटोत खरंच पांढरं किंवा राखाडी काय आहे ते शोधा, कागद किंवा भिंत. त्यावरून पिवळेपणा काढा.

४. हिस्टोग्राम बघा. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. आलेख उजव्या कडेला चिकटत असेल, तर ब्राइटनेस वाढवू नका, हायलाइट्स खाली आणा.

५. मग हवा तो फिल्टर. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, नाहीतर दाणेही उठून दिसतात.

आमच्या भिंतीवर आज आजीचा दुसराच फोटो आहे, एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला. चांगला आहे. पण त्यात ती हसत नाहीये.

आज रात्री घरच्यांचे मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!