विश्लेषण : फी नाही, तरी दहा दिवसांची किंमत आहेच! विपश्यना शिबिर नेमके कसे चालते?

‘दहा दिवसांना जाऊन आलो,’ एवढे कोणी म्हटले की शिक्षकांच्या खोलीत पुढचे विचारावे लागत नाही. कुठे, कशाला, ते सगळ्यांना कळते. फी नाही, राहणे-जेवण मोफत, जातीधर्माची अट नाही. मग धाराशिवसारख्या कायम अवर्षणाच्या, कर्जाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांत राहिलेल्या जिल्ह्यात ज्याला मनःशांतीची सर्वाधिक गरज, तो शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार तिथे का पोहोचत नाही? हे समजायला शिबिराची रचनाच नीट पाहावी लागते.

ही विद्या आली कुठून?

आज महाराष्ट्रात शिकवली जाते ती विपश्यना म्यानमारमधून आलेली आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ मध्ये मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. तीव्र अर्धशिशीने ते त्रस्त होते, वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन घेण्याची वेळ आली होती. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिबिराला बसले. ऊ बा खिन हे भिक्षू नव्हते, ते त्या देशाचे महालेखापाल राहिलेले सरकारी अधिकारी होते. या चळवळीत पुढे कार्यालयीन शिस्त एवढी का दिसते, याचे एक उत्तर इथे असावे.

१४ वर्षांनंतर, १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. पुढे इगतपुरीला ‘धम्मगिरी’ उभी राहिली, १९७६ पासून तिथे शिबिरे सुरू झाली. आज जगभर या परंपरेची दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. धाराशिवहून गाठण्याजोग्या जुन्या केंद्रांत आळंदीजवळचे मरकळ, कोल्हापूर जिल्ह्यातील आळते आणि छत्रपती संभाजीनगर यांची नावे घेता येतील.

ही बुद्धाची मूळ विद्या भारतातून लुप्त झाली, पण ब्रह्मदेशात शुद्ध राहिली, असे चळवळ सांगते. इतिहासाचे अभ्यासक यात भर घालतात. ध्यान ही प्रामुख्याने भिक्षूंची साधना होती. सामान्य गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यानाला बसावे, ही कल्पना ब्रिटिश अमलाखालील ब्रह्मदेशात लेडी सयाडो (१८४६-१९२३) यांच्यासारख्या भिक्षूंनी रुजवली. म्हणजे विद्या जुनी मानली तरी हे ‘शिबिर’ आधुनिकच आहे.

शिबिरात काय करतात?

आदल्या दिवशी दुपारी नोंदणी, अकराव्या दिवशी सकाळी सुटका. जाण्या-येण्याचे धरले तर दहा दिवसांचे बारा होतात. मोबाइल, पुस्तक, वही-पेन जमा. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी. जीवहत्या, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशापान यांपासून दूर राहण्याची पाच शीले घ्यायची. तंबाखूही बंद. आपल्याकडे अनेकांचा पहिला घाम इथेच फुटतो.

मग आर्य मौन. बोलायचे नाहीच, खुणा करायच्या नाहीत, नजरही भिडवायची नाही. अडचण सांगायची ती फक्त आचार्यांना किंवा धम्मसेवकांना. पहाटे ४ वाजता घंटा होते, साडेचारला बैठक सुरू. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि किरकोळ फराळ, जुन्यांना लिंबूपाणी. सात वाजता गोएंका यांचे ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात बसणे होते सुमारे दहा तास.

पहिले साडेतीन दिवस ‘आनापान’, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास केवळ पाहायचा. श्वास वाढवायचा नाही, रोखायचा नाही, सोबत मंत्रही म्हणायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर लक्ष फिरवत प्रत्येक संवेदना तटस्थपणे न्याहाळायची. खाज सुटली, खाजवायचे नाही. गुडघा ठणकला, ठणक पाहायची. त्यानंतर रोज तीन वेळा एकेक तास शक्यतो न हलता बसण्याचा निर्धार करायचा असतो. त्याला ‘अधिष्ठान’ म्हणतात. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर मौन सुटते आणि एकच गलका होतो.

यामागची धारणा अशी : माणूस बाहेरच्या घटनेला नव्हे, त्या घटनेने शरीरात उठणाऱ्या संवेदनेला प्रतिक्रिया देतो. सुखद हवी, दुःखद नको, या ओढाताणीतून ‘संस्कार’ साठतात. प्रत्येक संवेदना अनित्य आहे हे अंगावर अनुभवले की प्रतिक्रियेची सवय सैल होते. प्रवचनांत पुनर्जन्माचाही विचार येतो. मात्र तो मान्य असण्याची अट साधकावर नसते.

माळ, ताईत, जप, पूजा यांना मात्र दहा दिवस पूर्ण विराम. गळ्यात तुळजाभवानीची कवड्यांची माळ वागवणाऱ्याला किंवा वारकऱ्याला हा नियम जड जाणे स्वाभाविक आहे. साधनेची निखळ परीक्षा व्हावी, म्हणून काही मिसळायचे नाही, असे त्यावर केंद्रांचे स्पष्टीकरण असते.

पैसा आणि कारभार कोण पाहते?

शिबिराचे शुल्क घेतले जात नाही. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्याचेच दान स्वीकारले जाते, आणि तेही शेवटी, स्वेच्छेने. म्हणजे आजचा साधक कालच्या साधकाच्या पैशावर जेवतो. सहायक आचार्यांना मानधन नाही, स्वयंपाक-व्यवस्था पाहणारे धम्मसेवकही बिनपगारी. केंद्रे स्थानिक न्यासांमार्फत चालतात. गोएंका यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांनी एकच उत्तराधिकारी नेमला नाही, जबाबदाऱ्या आचार्यांमध्ये वाटल्या. शिकवण्याचा आवाज आजही त्यांचाच, ध्वनिफितीतला. त्यामुळे गादीचा वाद टळतो. पण काळानुसार बदल कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. अध्यात्माच्या बाजारात ही अर्थव्यवस्था विरळा आणि स्वच्छ म्हणावी लागेल.

रजा कोणाला, खाडा कोणाला?

खरी किंमत पैशात नाही, दिवसांत आहे. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी परावर्तित रजा देण्याचे निर्णय नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून घेतले आहेत. शिक्षण विभागाच्या ‘मित्र उपक्रमा’त शिक्षकांनी दहा दिवसांचे शिबिर करावे आणि शाळेत मुलांकडून रोज काही मिनिटे आनापान करून घ्यावे, अशी रचना आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींपर्यंत विपश्यना पोहोचली ती या वाटेने.

ऊसतोड कामगाराचे गणित वेगळे आहे. दिवाळीच्या आसपास ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेऊन कारखान्यावर जाते, ती परतते हंगाम संपल्यावर. त्या काळात एक दिवसाचा खाडाही अंगावर येतो, तिथे बारा दिवस कुठले? उरलेल्या महिन्यांत मशागत, पेरणी, खुरपण. बाईमाणसाचे तर आणखी कठीण. लहान मूल सोबत नेता येत नाही, दुभते जनावर शेजारणीवर किती दिवस टाकणार? ‘सर्वांसाठी खुले’ हे वाक्य खोटे नाही, पण हक्काची रजा नसलेल्याला त्या दारातून आत जाता येत नाही. तिहार तुरुंगात १९९४ मध्ये किरण बेदी यांच्या काळात हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. संस्थेने वेळ दिला की संख्या वाढते, हेच त्यातून दिसते.

बौद्ध की सगळ्यांचे?

हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातील अनेक कुटुंबे बौद्ध झाली, आणि त्यांच्यातील अनेकांना विपश्यना ही आपल्या धम्माची साधना वाटते. दुसरीकडे आंबेडकरी विचारवंतांचा एक गट तिच्याकडे संशयाने पाहतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा संबंध माणसामाणसांतील अन्यायाशी जोडला. अन्यायाला उत्तर द्यायचे सोडून संवेदना पाहत बसायचे का, असा त्यांचा सवाल. समर्थक म्हणतात, मन ताळ्यावर असलेला माणूसच नीट लढतो. गोएंका स्वतः ही विद्या संप्रदायातीत असल्याचे सांगत, तर दीक्षितांच्या मते बुद्धाचे नाव घेऊन बौद्ध असण्याचे टाळणे हीच गोम आहे. हा वाद मिटलेला नाही.

नैराश्यावर हा उपाय आहे का?

नाही. अर्जातच मानसिक आजार, चालू औषधे, व्यसन याविषयी विचारले जाते आणि गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिर करू नये, असे चळवळच सांगते. ती माहिती लपवणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे ६० पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, निद्रानाश, वास्तवाचे भान सुटणे असे त्रासदायक अनुभवही नोंदले गेले. दिवसाला दहा तास मौनात बसणे हे सर्वांना सारखे मानवत नाही.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचे बळीराजा चेतना अभियान यवतमाळबरोबर याच जिल्ह्यात सुरू झाले. ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा सेविकांमार्फत तणावग्रस्त शेतकरी शोधून समुपदेशन आणि औषधोपचारापर्यंत नेण्याची योजना आली. घरातील कोणी जेवण-झोप सोडून गप्प बसत असेल, जिवाचे काही बोलत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते, आणि त्यासाठी बारा दिवस मोकळे काढावे लागत नाहीत.