चित्रकलेचे उच्च शिक्षण आणि आपण

दलित साहित्याची चर्चा महाराष्ट्रात अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. कविता, कथा आणि आत्मकथन यांनी आपली जागा भांडून मिळविली. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावले, दोर वळले, टोपल्या विणल्या, त्यांच्या मुलांनी कलेच्या विद्यालयात जावे काय, गेल्यास तेथे काय मिळते आणि काय सोसावे लागते, हा विषय आपल्या व्यासपीठावर क्वचितच येतो. मी वरवट बकालहून निघून या शिक्षणाचे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही टप्पे पार केले आणि पुढे तेच शिकवीत आलो. म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे हा विषय मांडतो आहे.

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले गाव. एका अंगाला सातपुडा, भोवती कपाशीची वावरे, रेल्वे पकडायची तर शेगाव गाठायचे. अशा गावात मुलाने चित्रकलेचे नाव काढले की बाप विचारतो, "चित्रं काढून पोट भरते काय रे बाबू?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याच्या घरी शिल्लक नाही त्याला तो विचारावाच लागतो. पूर्वी दुकानाची पाटी रंगविणारा, जयंतीच्या मंचामागे बाबासाहेबांचे चित्र काढणारा पेंटर तालुक्याला असे. फ्लेक्सने त्याचे काम खाल्ले. त्यामुळे बापाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर या शिक्षणाचा रस्ता आधी नीट समजून घेतला पाहिजे.

रस्ते दोन आहेत. पहिला ललित आणि उपयोजित कलेचा. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतात. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून बी.एफ.ए.ला प्रवेश मिळतो. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हे हाताचे पेपर असतात. जोडीला सामान्यज्ञानाचा पेपर असतो. मुंबईचे सर ज. जी., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कला महाविद्यालये ही यातली प्रमुख ठिकाणे. पदवी चार वर्षांची. पहिल्या वर्षी सर्वांना पाया एकच : रेषा, रंग, आकार, यथार्थदर्शन, अक्षरलेखन. पुढे चित्रकला, शिल्पकला, वस्त्रसंकल्प, मृत्तिकाकला, उपयोजित कला अशा वाटा फुटतात. त्यानंतर दोन वर्षांचे एम.एफ.ए.

दुसरा रस्ता डिझाइनचा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली निघाली, तर पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक संकल्पन केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथे बारावीनंतर पदवीचा अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. त्यासाठी 'यूसीड' आणि पदव्युत्तर एम.डेस.साठी 'सीड' या परीक्षा द्याव्या लागतात. कलाशाखेचा विद्यार्थीही यूसीडला बसू शकतो, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. राज्यात हे प्रमाण १३ टक्के आहे. मात्र यूसीडचा पेपर इंग्रजीत असतो, आणि राखीव जागेच्या दाराआधी हे भाषेचे दार लागते.

आता या शिक्षणाच्या स्वरूपाकडे वळू. जातिव्यवस्थेने श्रमांबरोबर श्रमिकांचीही उतरंड रचली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात दाखवून दिले. कलेच्या प्रांतात याचा अर्थ असा की हाताने घडविणारा तो कारागीर आणि ज्याच्या हाती पदवी तो कलावंत. मुंबईचे कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले, तेव्हा येथील कारागिरी सुधारणे हाही त्यामागचा एक हेतू होता. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी तेथील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या. म्हणजे या संस्थेच्या आरंभीच्या काळातला एक मोठा उद्योग बौद्ध विहारांतील चित्रांशी निगडित होता. अजिंठा आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी. पण वर्गात आम्हाला अजिंठा शिकविला तो रेषेची लय म्हणून. त्या भिंतींवर करुणेचा कोणता विचार चितारला आहे, आणि १९५६ नंतर बौद्ध झालेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

डिझाइनच्या शिक्षणातही असेच एक उदाहरण आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेचे चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली एक अहवाल दिला. अहमदाबादची संस्था त्यातून उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची फार वाखाणणी केली. तो हातात कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, असे कितीतरी प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यात सोडविले आहेत, असे त्यांचे म्हणणे. निरीक्षण अचूक आहे. परंतु त्याच लोट्याला एक प्रश्न आणखी चिकटलेला होता : त्याला हात कोणी लावायचा? आपल्या माणसांना ओंजळ पुढे करून वरून पडणारी धार झेलावी लागे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी हातात घेतले, ते तळे आणि हा लोटा यांचा विचार एकत्र केल्याखेरीज वस्तूचा अभ्यास पुरा होत नाही. वस्तू वापरणारा कोण, आणि वापरू न दिलेला कोण? हे दोन्ही प्रश्न विचारणारा विद्यार्थी आपल्या वस्तीतूनच येण्याची शक्यता अधिक आहे.

पदवीच्या वर्षांत 'कसे काढावे' हे शिकवितात, तर पदव्युत्तर शिक्षणात 'का काढता' असे विचारतात. विद्यार्थ्याने स्वतःचा विषय निवडायचा, दोन वर्षे तो धरून ठेवायचा, त्यावर लिहायचे आणि परीक्षकांसमोर त्याचे समर्थन करायचे. खरा पेच येथे उभा राहतो. मी गावकुसाबाहेरची विहीर रंगविली तेव्हा एका परीक्षकाने मला विचारले, "रंगसंगती चांगली आहे, पण यात जात कशाला आणता?" मी म्हटले, "सर, विहीर काढली की ती येतेच." गुण बेताचे मिळाले. पण असे उत्तर देण्यासाठी इतिहास, सौंदर्यशास्त्र आणि समाजशास्त्र वाचलेले असावे लागते. नुसत्या संतापावर तोंडी परीक्षा निभत नाही.

हा रस्ता कोणी तुडविलाच नाही असे नाही. नागपूरचे सवी सावरकर तेथे आणि पुढे बडोद्याला शिकले. गळ्यात मडके आणि पाठीशी झाडू बांधलेला अस्पृश्य त्यांनी मुद्राचित्रांत व चित्रांत आणला आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापनही केले. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांतून जगापुढे ठेवले; त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आणि पोटाच्या प्रश्नाचे काय? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख केला नव्हता. गदारोळ उठल्यावर कंपनीने या चपलेचे ऋण मान्य केले. चामडे कमावणारा ढोर आणि चप्पल शिवणारा चर्मकार यांच्या कसबाला बाजारात किंमत आहे, हे यातून सिद्धच झाले. ती किंमत कोणाच्या नावावर जमा होते, हा झगडा आहे. नमुन्याचा हक्क, आराखडा, किमतीचे गणित ज्याला कळते असा आपला मुलगा वा मुलगी त्या टेबलाशी बसलेली असेल, तर हिशेब वेगळा होईल. जाहिरात, पुस्तकांची मांडणी, ॲनिमेशन, वस्त्रे, शाळेतील कलाशिक्षकाची नोकरी, अशी पोट भरण्याची इतरही ठिकाणे आहेत.

अडचणी मात्र लपवू नयेत. भारत सरकारची शिष्यवृत्ती शुल्काला आधार देते, पण रंग, कागद, कॅनव्हास, संगणक यांचा खर्च वर्षभर चालूच राहतो. परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषय वगळले. आपल्याच जगण्यावर अभ्यास करू पाहणाऱ्यांना त्याचा फटका बसला. यावर संघटनांनी बोलत राहिले पाहिजे.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच : ज्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्रे सापडतात त्याला रागे भरण्याआधी त्याचा इंटरमीजिएटचा अर्ज भरा. कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात प्रवेश परीक्षांची माहिती मराठीत लावावी आणि जयंतीच्या वर्गणीतून दोन मुलांच्या रंगसाहित्याची सोय करावी. विद्यार्थ्यांनी सरावाच्या वहीत फळांची परडी जरूर काढावी. तिच्या पुढच्या पानावर आईच्या हातातला विळा, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेची ओटी आणि वस्तीतला हापसाही काढावा. मुलाखतीला जाताना ती पाने फाडून ठेवू नयेत.